पेरूचा पाला, बेलफळ, कुड्याची साल : जुलाबावरच्या झाडपाल्याबद्दल विज्ञान काय सांगते?

पावसाळा सुरू झाला की सातपुड्यातल्या पाड्यांवर दोन गोष्टी बरोबरच येतात. नाल्यांना पाणी येते आणि घरोघरी पोटाच्या तक्रारी सुरू होतात. दवाखाना डोंगराखाली आणि झाड अंगणात, अशा ठिकाणी पहिला उपचार झाडपाल्याचाच होतो. कुणी पेरूची पाने उकळते, कुणी कच्च्या बेलाचा वाळवलेला गर काढते, तर कुणी कुड्याची साल उगाळून देते. या उपायांना शास्त्रीय आधार आहे का? असेल तर त्यांची गोळी बाजारात का मिळत नाही? आणि मुख्य म्हणजे, दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत असताना अशा काढ्यावर किती भरवसा ठेवायचा? महाराष्ट्रातच झालेल्या संशोधनाच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे पाहू.

नंदुरबारसाठी हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा तयार झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण जवळपास ६९ टक्के आहे. सहा तालुक्यांपैकी अक्राणी, म्हणजे धडगाव, आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांचा मोठा भाग सातपुड्याच्या रांगांमध्ये आहे. इथली गावे एका ठिकाणी वसलेली नसतात. ती टेकड्यांवर पाड्या-पाड्यांत विखुरलेली असतात. पावसाळ्यात रस्ते बंद पडले की रुग्णाला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, अशा बातम्या दर वर्षी येतात. नर्मदेच्या बॅकवॉटरलगतच्या काही गावांपर्यंत तर आरोग्य पथकाला बोटीनेच जावे लागते.

अशा भागात जुलाब हा किरकोळ आजार राहत नाही. शहरात मूल आजारी पडले तर अर्ध्या तासात सलाइन लागते. पाड्यावर तेवढ्या वेळात झोळी बांधूनही होत नाही. त्यात कुपोषणाची भर पडते. कुपोषित मुलाच्या शरीरात पाणी आणि क्षारांचा साठा आधीच कमी असतो. जुलाब झाले की वजन घटते, वजन घटले की प्रतिकारशक्ती कमी होते आणि पुढचा जुलाब आणखी जोराचा होतो.

आणखी एक धोका सिकलसेलचा आहे. नंदुरबारच्या आदिवासी समाजात या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण जास्त आहे. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू शकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणजे इतरांना दोन दिवसांत बरा होणारा जुलाब अशा रुग्णाला थेट रुग्णालयात पोहोचवू शकतो.

दुसरीकडे, याच डोंगरांत बेल, पांढरा कुडा, धायटी, मुरुडशेंग अशी पोटाच्या विकारांवर वापरली जाणारी झाडे भरपूर आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ डी. ए. पाटील यांनी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध केला. झाडांची नावे आणि त्यांचे उपयोग यांची नोंद होत आली आहे, पण ती झाडे आतड्यात नेमके काय करतात, हा पुढचा प्रश्न आहे.

साधा जुलाब आणि रक्ती आव यांत फरक काय?

जिवाणूंमुळे होणारे आतड्याचे आजार ढोबळमानाने दोन प्रकारे होतात. पहिल्या प्रकारात जिवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि तिथे विष सोडतो. पटकी अर्थात कॉलराचा जिवाणू आणि ई. कोलाय या जिवाणूचे काही प्रकार हे काम करतात. या विषामुळे पेशींतले मीठ बाहेर पडते आणि मिठामागोमाग पाणी जाते. पाण्यासारखे, भरपूर जुलाब होतात. आतड्याला फारशी जखम होत नाही, पण शरीर कोरडे पडते.

दुसऱ्या प्रकारात जिवाणू पेशीच्या आत घुसतो. शिगेला हा त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध जिवाणू. तो मोठ्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि शेजारच्या पेशींत पसरतो. संसर्ग झालेली पेशी धोक्याची रासायनिक सूचना पाठवते. ती ऐकून पांढऱ्या पेशींची फौज तिथे धावते. या लढाईत आतड्याचे अस्तर फाटते, सूज येते आणि शौचातून रक्त व शेम पडू लागते. यालाच आमांश किंवा रक्ती आव म्हणतात. पोटात मुरडा, ताप आणि थोडी थोडी पण वारंवार शौच ही त्याची लक्षणे.

यातला गुंता असा की इथे निम्मे नुकसान जिवाणू करतो आणि निम्मे शरीराची स्वतःची प्रतिक्रिया करते. त्यामुळे उपचाराच्याही तीन वाटा निघतात : जिवाणू मारणे, जिवाणूला चिकटू किंवा घुसू न देणे आणि दाह आटोक्यात ठेवणे. अँटिबायोटिक पहिली वाट धरते. वनस्पतींमधली अनेक रसायने दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने काम करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

महाराष्ट्रात यावर काय संशोधन झाले?

या विषयावरचे सर्वांत सलग काम मुंबईतल्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेत झाले आहे. टॅनाझ बिर्डी, पूनम दासवानी, पुंडरीकाक्षुडू टेटाली, एस. ब्रिजेश आदी संशोधकांनी कुष्ठरोगावरील कामासाठी ओळखले जाणारे डॉ. नोशीर अंतिया यांच्यासह या कामाची पायाभरणी केली. सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या परिंचे खोऱ्यातले लोक जुलाबावर कोणत्या वनस्पती वापरतात, याची आधी पाहणी झाली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या निवडक वनस्पती मग एकेक करून तपासल्या गेल्या. परिंचे आणि सातपुडा यांच्यात बरेच अंतर असले तरी बेल आणि पेरू दोन्हीकडे आहेत. त्यामुळे हे निष्कर्ष नंदुरबारलाही उपयोगाचे आहेत.

संशोधकांनी केलेली एक गोष्ट महत्त्वाची होती. लोक जसा काढा करतात तसाच, म्हणजे पाण्यात उकळून, त्यांनी अर्क तयार केला. अनेक प्रयोगशाळा अल्कोहोल किंवा इतर द्रावकांत अर्क काढतात. त्या अर्कात जे उतरते ते घरच्या पातेल्यात उतरेलच असे नाही.

कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या गराचा काढा तपासला तेव्हा एक अनपेक्षित निकाल आला. चाचणीला घेतलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही त्या काढ्याने मेला नाही. नेहमीच्या पद्धतीने पाहिले असते तर ‘बेलात काही दम नाही’ असे म्हणून फाइल बंद झाली असती. पण पुढच्या चाचण्यांत दिसले की काढ्यामुळे जिवाणूंची पेशींना चिकटण्याची आणि पेशींत घुसण्याची क्षमता लक्षणीय घटली. पटकीच्या विषाची निर्मिती कमी झाली आणि ते विष पेशीवरच्या ज्या जागेला जोडले जाते तिथे जोडले जाण्यातही अडथळा आला. जिआर्डिया हा परजीवी आणि रोटा विषाणू यांच्यावर मात्र काढ्याचा थेट मारक परिणाम दिसला. ई. कोलायच्या एका विशिष्ट, उष्णतेला न बधणाऱ्या विषावर काहीच परिणाम झाला नाही.

घराच्या उदाहरणाने सांगायचे तर, बेल चोराला मारत नाही. दाराची कडी लावतो. कच्चे फळच का, याचेही उत्तर परंपरेत आहे. कच्चा बेल पोट बांधतो, तर पिकलेला बेल पोट साफ करतो. दोन्हींतल्या रसायनांचे प्रमाण वेगळे असते.

पेरूच्या पानात नेमके कोणते द्रव्य काम करते?

पेरूच्या पानांची कथा आणखी बोलकी आहे. २०१० मध्ये याच गटाने पेरूच्या पानांचा काढा आणि त्याच पानांत आढळणारे क्वेर्सेटिन हे शुद्ध द्रव्य यांची तुलना प्रसिद्ध केली. क्वेर्सेटिन हे कांद्यापासून सफरचंदापर्यंत अनेक पदार्थांत सापडणारे फ्लॅव्होनॉइड असून पेरूच्या पानांचा गुण त्याच्यामुळेच येतो, असा तोवर बराचसा समज होता.

निकाल असा आला : पानांच्या काढ्याने शिगेला आणि पटकीच्या जिवाणूंची वाढ रोखली, दोन प्रमुख विषांची निर्मिती कमी केली, ई. कोलायचे चिकटणे कमी केले आणि शिगेलाची घुसखोरीही रोखली. शुद्ध क्वेर्सेटिनने यांपैकी फक्त एकच काम केले. त्याने जिवाणूंची पेशींतली घुसखोरी कमी केली. जिवाणूंच्या वाढीवर, त्यांच्या विषांवर आणि चिकटण्यावर वापरलेल्या मात्रेत त्याचा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ सोपा आहे. काढ्यातला एकच ‘हिरो’ शोधून काढता येत नाही. पानातले टॅनिन, वेगवेगळे फ्लॅव्होनॉइड आणि इतर द्रव्ये आपापले काम करतात आणि एकत्रित परिणाम दिसतो. पण औषध उद्योगाला एक रेणू हवा असतो, ज्याचे वजन मोजता येईल, शुद्धता तपासता येईल आणि पेटंट घेता येईल. वनौषधींचे अनेक प्रकल्प नेमके इथेच अडतात.

पुढे याच संस्थेत उंदरांवरही प्रयोग झाला. माणसात जुलाब घडवणाऱ्या ई. कोलायचा उंदरांमधला जवळचा नातेवाईक म्हणजे सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम हा जिवाणू. तो उंदराच्या आतड्याला चिकटून तिथे दाह निर्माण करतो. पेरूच्या पानांचा अर्क दिलेल्या उंदरांच्या आतड्यात हा जिवाणू नीट वस्ती करू शकला नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे.

माणसांवर चाचणी झाली आहे का?

झाली आहे. उंदरावर लागू पडलेली गोष्ट माणसावर लागू पडेलच असे नसते, म्हणून हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. बिर्डी आणि सहकाऱ्यांनी १८ ते ६० वर्षे वयाच्या, तीव्र जुलाब झालेल्या प्रौढांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे चार गट केले गेले. एका गटाला फक्त क्षार-पाणी म्हणजे ओआरएसचा उपचार मिळाला. उरलेल्या तीन गटांना त्याच्या जोडीला पेरूच्या ६, १० किंवा १४ पानांचा काढा दिवसातून तीनदा, पाच दिवस देण्यात आला. १० पानांचा काढा सर्वांत परिणामकारक ठरला. त्या गटातले रुग्ण सुमारे ७२ तासांत पूर्ववत झाले. फक्त ओआरएस घेतलेल्या गटाला त्यासाठी सुमारे १२० तास लागले.

दोन दिवसांचा हा फरक रोजंदारीवर जाणाऱ्या माणसासाठी मोठा आहे. पण निष्कर्ष वाचताना काही मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. चाचणी खुल्या पद्धतीची होती, म्हणजे कोणाला काढा मिळतोय हे रुग्णालाही ठाऊक होते. रुग्णसंख्या शे-सव्वाशेच्या घरातच होती. आणि चाचणीत एकही मूल नव्हते.

मेक्सिकोमध्येही पेरूच्या पानांवर असेच काम झाले आहे. तिथे क्वेर्सेटिनचे प्रमाण ठरवून केलेल्या कॅप्सूल प्रौढ रुग्णांना दिल्यावर पोटातला मुरडा लवकर थांबला, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यात एक गमतीची गोष्टही दडली आहे. पेरू मूळचा अमेरिका खंडातला. तो पोर्तुगीजांच्या काळात भारतात आला. म्हणजे आपल्याकडचा हा ‘आजीबाईचा बटवा’ तुलनेने नवा आहे. लोकांनी परक्या झाडाची पाने वापरून पाहिली, गुण आला म्हणून ती ठेवली. परंपरा म्हणजे गोठलेले ज्ञान नसून तीही प्रयोग करत असते, याचे हे उदाहरण.

कुडा आणि दारूहळदीचे काय?

पांढऱ्या कुड्याला आयुर्वेदात कुटज म्हणतात आणि त्याच्या बियांना इंद्रजव. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी ही औषधे आजही आयुर्वेदिक दुकानांत मिळतात. सालीतले कोनेसीन हे अल्कलॉइड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच वेगळे केले गेले होते. अमिबामुळे होणाऱ्या आमांशावर ते बराच काळ वापरलेही गेले. मात्र मज्जासंस्थेवर होणारे दुष्परिणाम आणि नंतर आलेली अधिक सुरक्षित औषधे यांमुळे ते मागे पडले. अमिबा हा जिवाणू नाही. त्यामुळे ‘कुडा रक्ती आवेवर चालतो’ हे एका प्रकारच्या आवेबद्दल खरे असले तरी शिगेलामुळे झालेल्या आवेवर तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही. आणि बाहेरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

कुड्याबाबत आणखी एक अडचण ओळखीची आहे. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगळी झाडे आहेत. सालीच्या व्यापारात एकाच्या जागी दुसऱ्याची साल मिसळली जाते. शिवाय झाडाची साल सगळीकडून सोलली तर झाड वाळते. पान तोडणे आणि साल सोलणे यांत जंगलाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

दारूहळदीच्या खोडा-मुळांतले पिवळे द्रव्य म्हणजे बर्बेरिन. वनस्पतींतून मिळालेल्या शुद्ध द्रव्याची जिवाणूजन्य जुलाबावरची सर्वाधिक उल्लेखली जाणारी चाचणी याच द्रव्याची आहे. जी. एच. रब्बानी आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशात १६५ प्रौढ रुग्णांवर ती केली आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. विष सोडणाऱ्या ई. कोलायमुळे जुलाब झालेल्या रुग्णांना ४०० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला. त्यातल्या ४२ टक्के रुग्णांचे जुलाब २४ तासांत थांबले. डोस न दिलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. पटकीच्या रुग्णांत मात्र टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला बर्बेरिनची जोड देऊन विशेष फायदा दिसला नाही. एकच द्रव्य एका जिवाणूवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, हे यातून स्पष्ट होते. नवजात बाळांना बर्बेरिन देणे तर धोक्याचे मानले जाते, कारण त्यामुळे कावीळ मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढू शकतो.

आतड्याचा दाह कमी करणारे द्रव्य देणे नेहमी चांगले असते का?

नाही. क्वेर्सेटिन, बर्बेरिन आणि हळदीतले कर्क्युमिन ही द्रव्ये प्रयोगशाळेत पेशींकडून जाणाऱ्या दाहाच्या सूचना मंद करतात. कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही, ही एरवी त्याची मोठी अडचण मानली जाते. आतड्याच्या आजारात ती तितकी अडचण नाही, कारण औषध आतड्यातच हवे असते.

पण पेशीत घुसलेल्या जिवाणूशी लढणारी फौजही त्याच दाहातून येते. जिवाणू जिवंत असताना फौज मागे घेतली तर संसर्ग पसरू शकतो. लहान मुलांना आणि रक्ती आव झालेल्यांना जुलाब ‘बंद’ करणाऱ्या लोपरामाइडसारख्या गोळ्या देऊ नयेत, असे डॉक्टर सांगतात त्यामागेही हाच विचार आहे. जिवाणू आणि विष बाहेर पडण्याची वाट बंद झाली तर ते आतच राहते.

कच्च्या केळ्याचा उल्लेख वारंवार का होतो?

शहादा परिसर केळीसाठी ओळखला जातो, त्यामुळे हा मुद्दा नंदुरबारसाठी जवळचा आहे. बांगलादेशातल्या त्याच रब्बानी यांच्या गटाने दीर्घकाळ जुलाब असलेल्या बालकांना भातासोबत शिजवलेले कच्चे केळे दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिसऱ्या दिवसापर्यंत केळे दिलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना आराम पडला. फक्त भात दिलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. २००९ मध्ये शिगेलामुळे आव झालेल्या मुलांवरचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांसोबत कच्चे केळे दिलेल्या मुलांत आजाराची तीव्रता कमी झाली.

कच्च्या केळ्यातला काही पिष्टमय भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले चांगले जिवाणू त्याचे लहान साखळीच्या मेदाम्लांत रूपांतर करतात आणि ही आम्ले आतड्याच्या अस्तराचे खाद्य बनतात. त्यातून पाणी आणि मीठ शोषून घेण्याची क्षमता सुधारते. मुलांवर तपासलेला आणि अन्न म्हणून सुरक्षित असलेला उपाय म्हणून कच्च्या केळ्याचे पारडे काढ्यांपेक्षा जड आहे.

मग यांची गोळी बाजारात का नाही?

याची तीन कारणे आहेत. पहिले, प्रमाणीकरण. पावसाळ्यात तोडलेले पान आणि उन्हाळ्यात तोडलेले पान, कोवळे आणि जून पान, यांत द्रव्यांचे प्रमाण बदलते. दुसरे, पैसा. घरच्या अंगणातल्या पाल्यासाठी कोट्यवधींच्या चाचण्या करायला कंपन्या पुढे येत नाहीत. तिसरे, आजाराचे स्वरूप. बहुतेक जुलाब ओआरएस घेत राहिल्यास आपोआप थांबतात, त्यामुळे औषधाचा जास्तीचा फायदा सिद्ध करणे अवघड जाते.

तरीही वाट बंद नाही. दक्षिण अमेरिकेतल्या क्रोटन जातीच्या झाडाच्या लाल चिकापासून बनवलेल्या क्रोफेलेमर या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३१ डिसेंबर २०१२ रोजी मान्यता दिली. पण ती एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या जुलाबापुरती आहे, तीही जुलाब संसर्गामुळे नाही याची खात्री केल्यानंतरच.

या संशोधनाची निकड वाढवणारे आणखी एक कारण आहे. शिगेला अँटिबायोटिकना दाद देईनासा झाला आहे. फ्लुरोक्विनोलोन गटाला न जुमानणाऱ्या शिगेलाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या औषधांची गरज असलेल्या जिवाणूंच्या यादीत केला आणि २०२४च्या यादीत त्याला वरचे स्थान दिले. जिवाणूला न मारता फक्त त्याचे चिकटणे-घुसणे रोखणारे औषध मिळाले तर प्रतिरोध वाढण्याचा वेग कमी राहील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. बेलाच्या काढ्याचे निकाल याच दृष्टीने महत्त्वाचे ठरतात.

लहान मुलांना हे काढे द्यावेत का?

आजवरच्या पुराव्यावरून याचे उत्तर ‘उपचार म्हणून नाही’ असे आहे. पेरूच्या काढ्याची वर सांगितलेली चाचणी प्रौढांवरची आहे. मुलासाठी किती पाने, किती पाणी, किती वेळा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. टॅनिन जास्त असलेले काढे अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात. जिथे रक्तक्षय आधीच जास्त आहे तिथे ते रोज देणे नुकसानीचे आहे. काढा कशाच्या पाण्यात केला, हाही प्रश्न आहे. उकळलेला काढा सुरक्षित असतो, पण तो निवल्यावर त्यात माठातले साधे पाणी मिसळले तर संसर्ग पुन्हा आत जातो.

सर्वांत मोठा धोका काढ्यात नाही, वाट पाहण्यात आहे. ‘काढा दिलाय, उद्यापर्यंत बघू’ या एका दिवसात मुलाच्या शरीरातले पाणी संपू शकते. २०२०च्या चाचणीतही काढा ओआरएसच्या जोडीला होता, त्याच्या जागी नव्हता.

ओआरएसची ताकद किती, हे १९७१ मध्ये दिसले. बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि बेकिंग सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आले. जुलाबावरच्या कोणत्याही झाडपाल्याला अजून इतका मोठा पल्ला गाठता आलेला नाही.

या ज्ञानावर हक्क कोणाचा?

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्यासाठी जुन्या ग्रंथांतले लेखी पुरावे कामी आले. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची समाजांचे बरेचसे वनौषधी ज्ञान मात्र तोंडी आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली आहे. त्यामुळे तोंडी ज्ञान कोणाचे, याची गावाच्या नावाने नोंद असणे अधिकच महत्त्वाचे झाले आहे. उद्या बेलातून औषध निघाले तर त्याचा वाटा पाड्यापर्यंत पोहोचायला हीच नोंद आधार ठरेल.

जुलाब झाल्यास काय करावे?

• पहिल्या पातळ शौचापासूनच ओआरएस सुरू करा. पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा आणि २४ तासांत संपवा. उरलेले फेकून द्या. आशाताई आणि अंगणवाडीकडे पाकिटे मिळतात.

• पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

• मुलाला आरोग्य कर्मचारी सांगतील त्या मात्रेत झिंकच्या गोळ्या द्या. जुलाब थांबले तरी ठरलेले १४ दिवस पूर्ण करा.

• अंगावरचे दूध आणि खाणे थांबवू नका. तांदळाची पेज, मऊ भात, शिजवलेले कच्चे केळे चालते.

• शौचात रक्त, ताप, सतत उलट्या, खोल गेलेले डोळे, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे किंवा पाणी न पिणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. १०८ला फोन करा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

• घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर साध्या जुलाबातही लवकर दवाखाना गाठा.

• पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळा किंवा आशाताईकडून मिळणारे मेडिक्लोर वापरा. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली का, हे ग्रामपंचायतीला विचारा.

• स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका आणि अर्ध्यावर सोडूही नका.

थोडक्यात, बेल आणि पेरूच्या पानांबद्दल आजी-आजोबा जे सांगत आले त्यात तथ्य आहे आणि ते मुंबईच्या प्रयोगशाळेत दिसलेही आहे. पण तथ्य असणे आणि औषध असणे यांच्यामध्ये मात्रा, वय आणि आजार कोणता, हे तीन प्रश्न उभे आहेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत प्रौढाने पेरूचा काढा घेतला तरी शेजारी ओआरएसचा तांब्या असायलाच हवा. मुलासाठी तर तांब्याच आधी.